शेवटच्या वीस सेकंदांचं ड्रॉइंग

सलग चार वर्षं एकाच संघाकडून, एकाच मैदानावर आणि नेमकं शेवटच्या मिनिटात हरणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. त्यासाठी आधीची एकोणचाळीस मिनिटं उत्तम खेळावं लागतं. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसचा बास्केटबॉल संघ एकोणचाळीस मिनिटं उत्तमच खेळत असे. चाळिसाव्या मिनिटाला मात्र पाचही जणांना आपण मुळात नकाशे काढणारी माणसं आहोत याची एकदम आठवण होई, चेंडू प्रेक्षकांत जाई आणि फाउंड्रीवाले आपल्या कप्तानाला, म्हणजे बसवंतला, खांद्यावर घेऊन कँटीनकडे निघत. बसवंत चांगला सव्वादोन मणांचा होता. त्याला उचलायला सगळी फाउंड्री लागे, त्यामुळे मिरवणूक होती त्याहून मोठी दिसे.

ड्रॉइंग ऑफिसच्या या संघाचे मॅनेजर होते नागनाथ कडोलकर. त्यांनी आयुष्यात बास्केटबॉल कधी खेळला नव्हता. एकदा चेंडू पायाशी आला तेव्हा तो परत दिला होता, एवढंच. पण त्यांचं अक्षर कारखान्यात सर्वांत सुबक होतं, म्हणून त्यांना आधी गुणफलक लिहायला बसवलं, आणि जो गुणफलक लिहितो त्यालाच हरल्याचं दुःख पहिलं कळतं, म्हणून पुढं मॅनेजर केलं. बेळगावकडचा माणूस, अठरा वर्षं बंगळुरात, स्वभावानं इतका नेमका की घरच्या पोळीचाही व्यास त्यांना डोळ्यांनी कळे. त्यांच्या पत्नीनं, वसुमतीबाईंनी, एकदा तो ऐकून घेतला होता. दुसऱ्यांदा त्यांनी लाटणंच पुढं केलं.

एकसष्ट सालच्या नोव्हेंबरात नोटीस लागली. खाली सही होती चीफ ड्राफ्ट्समन विश्वेश्वर साहेबांची. हे धारवाडचे गृहस्थ ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख तर होतेच, पण कारखान्याच्या कल्याण समितीचे अध्यक्षही होते, आणि आपल्याच खात्याला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून ते आपल्या खात्याला जरा जास्तच छळत. नोटिशीत लिहिलं होतं की, कॉलनीलगतचं बास्केटबॉलचं मैदान वापरणाऱ्या ड्रॉइंग ऑफिसला यंदाही करंडक मिळाला नाही, तर सदर जागेवर दोनशे सायकलींचा स्टँड उभारण्यात येईल.

नागनाथरावांनी ती नोटीस तीनदा वाचली. हे मैदान ऑफिसातल्या लोकांनी रविवारी रविवारी राबून केलेलं होतं. नागनाथरावांनी स्वतः सिमेंटची घमेली वाहिली होती, आणि त्या वेळी धरलेली कंबर अजून पुरती सुटली नव्हती. पण खरं कारण कंबर नव्हतं. खरं कारण त्यांची चौदा वर्षांची नयना होती. ती रोज सकाळी सहाला त्या मैदानावर जाई आणि शाळेची घंटा होईपर्यंत बास्केटमध्ये चेंडू टाकत राही. तिच्यामागून कॉलनीतल्या आणखी सात-आठ मुली येऊ लागल्या होत्या. मुलांना खेळायला सगळं बंगळूर होतं. मुलींना तेवढा सिमेंटचा चौकोन होता.

घरी नोटिशीची बातमी सांगितली तेव्हा नयना काही रडली-बिडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मग मी कुठं खेळू, बाबा?"

त्याच संध्याकाळी नागनाथरावांनी ठरवलं की शेवटच्या मिनिटाचा निकाल शास्त्रीय पद्धतीनं लावायचा. एका गुणानं मागं असताना, वीस सेकंद उरलेली असताना कोणती चाल सर्वांत चांगली, हे मोजून, मापून, आकडे मांडून काढायचं. तोवर ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती, कारण सगळे खेळाडू होते.

चाल मोजायची म्हणजे स्टॉपवॉच पाहिजे. स्टॉपवॉच कामगारांच्या कामाचा वेळ मोजणाऱ्या टाइम-स्टडीवाल्यांकडे असतं आणि ते मिळायला फॉर्म भरावा लागतो. फॉर्ममध्ये 'कारण' असा एक रकाना होता. नागनाथरावांनी सुबक अक्षरात लिहिलं : 'अखेरच्या मिनिटाचा अभ्यास.'

दुसऱ्या दिवशी सकाळी युनियनचे सात लोक त्यांच्या दारात. भोंग्याआधी एक मिनिट कामगार हात धुवायला जातात, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं, आणि त्यावर कुणी घड्याळ लावावं अशी पद्धत नव्हती. "कडोलकर अण्णा, तुम्ही म्यानेजमेंटचे माणूस असाल असं वाटलं नव्हतं," असं म्हणत ते ओट्यावर बसले. वसुमतीबाईंनी घाबरून सातही जणांना उप्पीट दिलं. बास्केटबॉलचा खुलासा व्हायला पाऊण तास लागला. तो झाल्यावर मात्र सातही जणांचा राग मावळला आणि प्रत्येकानं एकेक चाल सुचवली. त्यातल्या तीन चाली कबड्डीच्या होत्या.

मग सल्ल्यांना जो पूर आला त्यात नागनाथराव आकंठ बुडाले. दूधवाला म्हणाला, अवसरा नको, म्हणजे घाई नको, स्वल्प थांबायचं, समोरचा दमतो. इस्त्रीवाला म्हणाला, थांबायचं अजिबात नाही. शेजारच्या क्वार्टरमधले आप्पाजी हे खानापूरकडच्या एका गावचे जुने कुलकर्णी; मुलाकडे येऊन राहिलेले, सत्तरी उलटलेली, आणि जगात आपल्याला येत नाही असं काही आहे यावर विश्वास नसलेले. ते ओट्यावरून म्हणाले, "नागनाथा, शत्रूला गनिमी काव्यानं खिंडीत गाठ."

"आप्पाजी, मैदान सपाट आहे."

"मग खिंड खण," आप्पाजी म्हणाले आणि तपकीर ओढून आत गेले.

पंधरा दिवस रोज पहाटे प्रयोग चालले. संघ असा : कप्तान श्रीकांत, पुण्याहून नवा आलेला इंजिनिअर, मराठीतली क्रियापदं तेवढी मराठीत बोलणारा. भीमसेन, बैलहोंगलचा, सव्वासहा फूट उंच आणि तितकाच मोकळा. त्याच्या पोटात पाणीसुद्धा रात्रभर राहत नसावं. आणि हरी, ट्रेसर, म्हणजे दुसऱ्यांची ड्रॉइंगं गिरवणारा. हरी इतका गरीब स्वभावाचा की साहेबांची सही झाल्याशिवाय पेन्सिलीला टोकही काढत नसे. तो डावखुरा होता आणि त्याबद्दल त्याला मनातून अपराधी वाटे. उरलेले दोघं धावायला होते.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. भीमसेन आपल्या सवयीनं कानडीत "एडा! एडा!" म्हणून ओरडला, म्हणजे डावीकडे, डावीकडे. पुण्याच्या श्रीकांतला ते 'येडा' ऐकू आलं. "डोन्ट यू डेअर! मी कॅप्टन आहे, रिस्पेक्ट ठेव!" म्हणून तो चेंडू टाकून बाजूला जाऊन उभा राहिला. त्याला समजावण्यात एक पहाट गेली. तेव्हापासून डावं-उजवं बंद झालं. कॉलनीकडच्या बास्केटकडे तोंड केलं की डावीकडे कँटीन आणि उजवीकडे पाण्याची टाकी दिसे. दरवर्षी उत्तरार्धात याच बास्केटवर चेंडू टाकायचा असे. म्हणून एका बाजूला 'कँटीन' म्हणायचं आणि दुसरीला 'टाकी'.

चाली चार निघाल्या. पहिली, उंच भीमसेनकडे उंच चेंडू : पन्नासात अकरा. दुसरी, श्रीकांतनं लांबून मारायचा : पन्नासात चौदा, आणि उरलेल्या छत्तीस वेळा वारा होता असं श्रीकांतचं म्हणणं. तिसऱ्या चालीत पाचही जणांनी एकदम धावून गोंधळ उडवायचा होता. तो उडाला. हरी आणि भीमसेन एकमेकांवर आपटले आणि हरी दोन दिवस रजेवर गेला.

चौथी चाल मात्र सोन्यासारखी होती. भीमसेननं बास्केटपुढं भिंतीसारखं नुसतं उभं राहायचं, जे त्याला उपजत येई. श्रीकांतनं चेंडू आपटत टाकीकडे धाव घेतल्यासारखं करायचं. तेवढ्यात हरीनं भीमसेनच्या आडोशानं कँटीनच्या बाजूनं, म्हणजे डावीकडून, गुपचूप घुसायचं, चेंडू घ्यायचा आणि डाव्या हातानं टाकायचा. वेळ नऊ सेकंद. पन्नासात सदतीस! नागनाथरावांनी आकडा दोनदा अधोरेखित केला.

या प्रयोगांत समोरचा गडी म्हणून नयनाच उभी राहत असे. ती म्हणाली, "बाबा, अजून वीस वेळा करा बघू."

विसात तीन. नागनाथरावांचा चेहरा उतरला.

"मला आता कळलंय ना हरीकाका कुठून येणार ते," नयना म्हणाली. "चाल चांगली आहे, पण समोरच्याला कळली की संपली. बसवंतकाकांना कळता कामा नये."

म्हणजे गुप्तता आली. आणि नागनाथरावांना चाल डोक्यात ठेवून चैन पडेना. जे कागदावर नाही ते जगात नाही, अशी त्यांची अठरा वर्षांची शिकवण. दुपारच्या सुट्टीत त्यांनी ट्रेसिंग कापड घेतलं आणि शाईनं चाल क्रमांक चार काढली. वर मध्यभागी बास्केट, पाच वर्तुळं, तुटक रेषांनी धावायचे मार्ग, बाणांची टोकं एकसारखी. खालचा नावाचा चौकोन कोरा ठेवला. आणि फाउंड्रीत मराठी वाचणारे चारजण होते, खुद्द बसवंत निपाणीच्या शाळेत शिकलेला, म्हणून सगळी टिपणं त्यांनी मोडीत लिहिली. मोडी त्यांना शाळेत छडी खाऊन आली होती. ती आज कामी आली याचा त्यांना इतका आनंद झाला की ते तसेच उठून हात धुवायला गेले. भोंग्याला एक मिनिट होतं.

परत आले तो ट्रेसिंग टेबलावर नव्हतं. ते कडेच्या ट्रेमध्ये सरकलं होतं आणि ट्रेमधलं सगळं शिपायानं शिरस्त्याप्रमाणे प्रिंट-रूमला नेलं होतं. प्रिंट-रूममध्ये ड्रॉइंग गेलं की त्याच्या आठ ब्लूप्रिंट निघतात, त्यांवर 'कार्यवाहीसाठी' असा शिक्का बसतो, नंबर पडतो, आणि आठ खात्यांना आठ प्रती जातात. या सगळ्याला साधारणपणे तीन आठवडे लागतात. या वेळी ते वीस मिनिटांत झालं.

आठांतलं एक खातं अर्थातच फाउंड्री.

दुसऱ्या दिवसापासून चौकशा येऊ लागल्या. स्टोअर्सनं विचारलं की पाच वर्तुळं कोणत्या धातूची, आणि मोठं वर्तुळ (हा भीमसेन) पोकळ आहे की भरीव? खरेदी खात्यानं सुट्या भागांची यादी मागितली. तपासणी खात्यानं लिहिलं, तुटक रेषा वस्तूच्या मागची बाजू दाखवतात असं धरलं, तर वस्तू उभी राहणार नाही. फाउंड्रीकडून मात्र काहीच चौकशी आली नाही. बसवंत कँटीनमध्ये भेटला तेव्हा नुसता गालात हसला आणि म्हणाला, "काय कडोलकर अण्णा, लई झकास चित्र काढल्यासा की वो!"

नागनाथराव साहेबांकडे धावले. विश्वेश्वर साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कडोलकर, ड्रॉइंग ऑफिसातनं एकदा गेलेलं ड्रॉइंग म्हणजे सुटलेला शब्द नव्हे. शब्द परत घेता येत नाही, ड्रॉइंग येतं. त्याला रद्दपत्र लागतं. आठ खात्यांच्या आठ सह्या आणा."

"साहेब, फाउंड्रीचीसुद्धा?"

"फाउंड्री आठांत येते की नाही?"

पुढले आठ दिवस नागनाथराव रद्दपत्र घेऊन कारखाना पायांखाली घालत होते. सात सह्या मिळाल्या; त्या सात प्रती खात्यांकडून परस्पर साहेबांच्या कपाटात जमा झाल्या. संघानं तर हातपायच गाळले. श्रीकांत म्हणाला, "फिनिश! आता नंबर टू, मी लॉन्ग शॉट घेतो." भीमसेन रडकुंडीला आला. वसुमतीबाईंनी बनशंकरीच्या देवळात लिंबाचे दिवे लावायचा नवस बोलून टाकला. नयना पूर्वीसारखीच पहाटे जाऊन चेंडू टाकत होती, आणि तेच नागनाथरावांना बघवत नव्हतं. आपल्याच हातानं, सुबक अक्षरात, शिक्क्यासकट आपण पोरीचं मैदान घालवलं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

सामन्याला तीन दिवस उरले असताना संध्याकाळी आप्पाजी ओट्यावर आले. तब्येत खुशीत दिसत होती.

"नागनाथा, तुझं मोडीचं वळण काही तितकंसं बरं नाही हो."

"माझी मोडी तुम्ही कुठं पाहिलीत?" नागनाथरावांनी विचारलं.

"अरे, तो तुझा बसवंत आला होता. पोरगा गुणी. भिजवलेल्या डाळीची कोसंबरी आणली होती, कॉफी पाजली. म्हणाला, आज्जा, कारखान्यात कुणालाच हे वाचता येईना, तुम्ही म्हणजे मोडीचे सागर. मग मी वाचून दिलं."

नागनाथराव भिंतीला टेकले. "काय वाचून दिलंत?"

"स्वच्छ आहे त्यात. पेशवाईतलं वळण आहे म्हणून जरा वेळ लागला. हरी म्हणून कोणी आहे, तो उजवीकडून येणार. टाकीकडून. मी बसवंतला म्हटलं, डोळे मिटून जा, आप्पाजी कुलकर्ण्यानं वाचलेलं आहे."

"उजवीकडून?"

"बाणही तसाच आहे. ही घे, प्रिंट-रूममधून काढून घेतलेली एक जादा प्रत मला ठेवून गेलाय." आप्पाजींनी कोटाच्या खिशातून घडी केलेली ब्लूप्रिंट काढली.

नागनाथरावांनी ती उलगडली. मैदान दोन्ही बाजूंनी सारखं, वर मध्यभागी बास्केट, पाच वर्तुळं. सगळं जागच्या जागी. पण बाण टाकीकडे गेला होता. आणि अक्षरं... ते अक्षर त्यांचं होतं आणि नव्हतं. त्यांनी कागद घेऊन आत धाव घेतली आणि वसुमतीबाईंच्या वेणीफणीच्या आरशासमोर धरला. आरशात, मोत्यासारख्या मोडीत, स्पष्ट उमटलं : 'हरी डावीकडून.'

प्रिंट-रूमवाल्यानं ट्रेसिंग उलटं लावलं होतं! नेहमीच्या ड्रॉइंगवर इंग्रजी अक्षरं असतात, उलटं लावलं तर शेंबड्या पोरालाही कळतं. मोडीची सुलटी बाजू कोणती हे त्या तामिळ माणसाला कोण सांगणार? आठच्या आठ प्रती उलट्या निघाल्या होत्या, आणि मोडीच्या सागराला ते वाचताच आलं नव्हतं. तसं कबूल करायच्या ऐवजी म्हाताऱ्यानं बाण बघून अर्थ लावला होता आणि वर आपल्या कुलकर्णीपणाची मोहोर उठवली होती.

नागनाथराव हसायला लागले. हसता हसता पलंगावर बसले. वसुमतीबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. "अहो, काय होतंय? डॉक्टरांना बोलावू का?"

त्यांनी आरसा दाखवला. वसुमतीबाईंना मोडी येत नव्हती, पण बाण कळत होता. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा आरशाकडे, आणि पदर तोंडाला लावून खालीच बसल्या. मग म्हणाल्या, "पोरांना सांगा ना लवकर!"

"भीमसेनला सांगू? म्हणजे उद्या कँटीनच्या फळ्यावर इडलीच्या खाली लिहिलेलं सापडेल. कुणाला नाही सांगायचं. समोरच्याला चाल ठाऊक नसण्यापेक्षा ती उलटी ठाऊक असणं हे शंभर पटींनी बरं, वसू. इतकी चांगली चाल मला मोजून काढता आली नसती."

सकाळी ऑफिसात मात्र विश्वेश्वर साहेबांनी गाठलं. सात सह्या झाल्या, आठवी आजच आणा. फाउंड्रीची प्रत परत आलीच पाहिजे. सही झाली की चाल रद्द झाली असं बसवंतनं धरलं असतं, आणि उलटी चाल वायाच गेली असती. मोठ्या जड पायांनी नागनाथराव फाउंड्रीत गेले आणि आयुष्यातलं पहिलं नाटक केलं : चेहरा पाडला, आवाज कापरा केला, रद्दपत्र पुढं धरलं. "बसवंत, सही कर रे बाबा. तो कागद परत दे."

बसवंतनं नोटीस बोर्डाकडे बोट दाखवलं. ब्लूप्रिंट तिथं चार टाचण्यांनी लावलेली होती. "असू द्या की वो अण्णा, भिंतीला शोभालंय. सामना झाल्यावर सही करतो. काय घाई हाय?"

"हरी डावखुरा आहे, तो टाकीकडून कसा येईल असं नाही वाटत तुला?" हे शब्द नागनाथरावांच्या तोंडून कसे निघाले कुणास ठाऊक. बहुधा नेमकेपणाची सवय.

"त्यातच तर ग्यानबाची मेख हाय म्हणा की!" बसवंत खदखदून हसला. "डावऱ्याला उजवीकडनं आणायचं! आज्जांनी सांगितलंय मला सगळं. अण्णा, तुम्ही हुशार, पर आम्ही बी चार बुकं शिकलोय."

नागनाथराव मान खाली घालून बाहेर आले. बाहेर आल्यावर वाळूच्या ढिगाआड त्यांनी पाच मिनिटं तोंड दाबून हसून घेतलं.

रविवारी सगळी कॉलनी मैदानाभोवती जमली. वसुमतीबाईंनी पुढची सतरंजी धरली होती. आप्पाजी खुर्चीवर, साहेब करंडकाशेजारी हातातलं घड्याळ बघत. एकोणचाळीस मिनिटं ड्रॉइंग ऑफिस उत्तम खेळलं. चाळीस-चाळीस. मग चाळिसावं मिनिट सुरू झालं आणि श्रीकांतच्या हातून फाउल झाला. फाउंड्रीनं फ्री-थ्रो टाकला. एक्केचाळीस-चाळीस. चेंडू आपल्याकडे, वीस सेकंद बाकी. श्रीकांतनं टाइमआउट मागितला.

पाचजण घामेजलेले, धापा टाकत भोवती आले. तीन पावलांवर बसवंत पाठ करून उभा होता आणि त्याचे कान मागं वळलेले दिसत होते.

"चाल क्रमांक चार," नागनाथराव म्हणाले. अगदी खणखणीत.

"चार?" श्रीकांत ओरडलाच. "अण्णा, आर यू मॅड? तो डायग्राम त्यांच्या बोर्डावर पिन केलेला आहे!"

"माहीत आहे."

"अण्णा, त्यांच्या पोरास्नी पाठ हाय तो," भीमसेन कळवळला.

"तेही माहीत आहे." नागनाथरावांना सगळं सांगून टाकावंसं वाटत होतं, पण बसवंत तीन पावलांवर होता. त्यांनी हरीच्या खांद्यावर हात ठेवला. "ते ड्रॉइंग माझ्या हातचं आहे. अठरा वर्षांत माझं एक ड्रॉइंग चुकलेलं नाही. जसं शिकलात तसं करा. एक रेघ बदलायची नाही."

शिट्टी झाली. बसवंतनं आपल्या गड्यांकडे तोंड करून आरोळी दिली, "टाकी! टाकीकडं सगळे!"

श्रीकांतनं चेंडू घेतला, आपटत टाकीकडे धाव घेतली. भीमसेन भिंत होऊन उभा राहिला. आणि फाउंड्रीचे पाचही गडी, बसवंतसुद्धा, जिवाच्या आकांतानं टाकीकडे धावले. तिथं पाच माणसांचा असा काही कोट तयार झाला की टाकीतलं पाणीसुद्धा त्यातून सुटलं नसतं. कँटीनच्या बाजूनं हरी आला. श्रीकांतनं सगळ्यांच्या डोक्यावरून चेंडू फेकला. हरीनं तो झेलला.

आणि थांबला.

त्याच्या आसपास कुणीच नव्हतं. सरावात नयना असे, धक्काबुक्की असे. इथं लख्ख ऊन, रिकामं सिमेंट आणि वर बास्केट. इतकं मोकळं त्याला आयुष्यात कुणी सोडलं नव्हतं. काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं. त्यानं वळून बाहेर पाहिलं आणि अगदी ऑफिसातल्या आवाजात विचारलं, "अण्णा, टाकू का?"

सगळं मैदान किंचाळत होतं. बसवंत मागं वळला होता, सव्वादोन मण वेग घेत होते. नागनाथरावांची मान सवयीनं विश्वेश्वर साहेबांकडे वळली, कारण अठरा वर्षांत साहेबांच्या सहीशिवाय त्यांनी एका रेघेलाही शाई लावू दिली नव्हती. साहेब घड्याळात बघत होते. चार सेकंद. साहेबांच्या पलीकडे नयना उभी होती, दोन्ही हात डोक्यावर घेऊन.

"टाक!" नागनाथराव ओरडले. हा आवाज आपल्या नवऱ्याला आहे हे वसुमतीबाईंना त्या दिवशी कळलं. "टाक, हरी! मी सांगतो, टाक!"

हरीनं डाव्या हातानं टाकला. चेंडू फळीला लागला, कड्यावर बसला, एक अख्खी फेरी फिरला, आणखी अर्धी फिरला, आणि आत पडला. शिट्टी झाली. बेचाळीस-एक्केचाळीस.

पुढं काय झालं ते नीट कुणालाच सांगता येणार नाही. भीमसेननं हरीला उचललं आणि हरी "अहो, सोडा, सोडा" म्हणत राहिला. श्रीकांत रडत होता आणि तेही इंग्रजीत. बसवंत मैदानाच्या मध्यावर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता. नागनाथराव जवळ गेले आणि त्यांनी खिशातून ब्लूप्रिंट काढून, उन्हाकडे धरून, मागच्या बाजूनं त्याला दाखवली. बसवंतनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याचं पोट हलायला लागलं. "अय्यो देवा! उलटं छापलंय की हे!" तो इतका मोठ्यानं हसला की आप्पाजी खुर्चीवरून उठून हळूच घराकडे चालायला लागले. जाता जाता त्यांनी एकदोघांना सांगितलं म्हणे, की वाचन बरोबरच होतं, कागद चुकीचा होता.

साहेबांनी करंडक दिला. हात मिळवताना ते म्हणाले, "सायकल स्टँडसाठी दुसरी जागा बघावी लागेल, कडोलकर." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं, यावर नंतर ऑफिसात एकमत झालं. मग त्यांनी जाहीर केलं की विजयी संघाचे मॅनेजर आता दोन शब्द बोलतील.

नागनाथराव पुढं आले. चार वर्षांत त्यांनी हरल्याची चार भाषणं लिहिली होती, प्रत्येक खिलाडूवृत्तीनं ओतप्रोत. जिंकल्याचं एकही लिहिलं नव्हतं. सगळे मैदानावर दाटीवाटीनं उभे : युनियनवाले, फाउंड्रीवाले, स्टोअर्सवाले, दूधवाला. त्या गर्दीच्या कडेला नयना आणि तिच्या मैत्रिणी उभ्या होत्या. चेंडू नयनाच्या काखेत होता. ती माणसांच्या पायांतून बास्केटकडे बघत होती, कधी एकदा ही मंडळी हलतात म्हणून.

नागनाथरावांनी करंडक छातीशी धरला, घसा साफ केला आणि म्हणाले, "सगळ्यांनी जरा बाजूला व्हा. मुलींना खेळायचंय."

सगळी गर्दी हलली. रेषेबाहेर सगळ्यांत आधी विश्वेश्वर साहेब गेले.